संत्र्याच्या स्क्वॅशमधलं केएमएस घरी कसं मोजायचं

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात उतरायला लागली की आमच्या बचत गटाला दिवस पुरत नाही. स्क्वॅश टिकावा म्हणून आम्ही त्यात केएमएस नावाची पूड टाकतो, रसात तिचं सल्फाइट होतं. गेल्या हंगामात ते मी पहिल्यांदा स्वतः मोजलं. आकडा आला किलोमागे ३६५ मिलीग्राम. मर्यादा ३५०. केएमएस टाकायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या ताईंना मी सगळ्यांसमोर विचारलं, "किती टाकलं तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी तं काट्यावर मोजूनच टाकलं ताई. वहीत लिहून हाये." मी वही पाहिली नाही. चौदा किलो स्क्वॅश बाजूला काढून ठेवला आणि त्यांना पुढच्या खेपेचं काम दिलं नाही.

दोन दिवसांनी कळलं की चूक माझ्या मोजण्यात होती. स्क्वॅशमध्ये खरं सल्फाइट २९८ च्या आसपास होतं. वरचे सदुसष्ट संत्र्यातल्या व्हिटॅमिन सीचे होते. मी त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा पाजला आणि विषय संपवला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. म्हणून जे नव्यानं हे काम शिकताहेत त्यांच्यासाठी सगळं पायरीपायरीनं लिहून ठेवते आहे.

चूक झाली कशी, ते आधी सांगते. आयोडिननं सल्फाइट मोजायची ही पद्धत वाइनवाल्यांची. रिपर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती १८९२ मध्ये मांडली, आणि घरगुती वाइनमधलं सल्फाइट तपासायच्या बहुतेक कृती अजून त्याच रस्त्यानं जातात. मीही तशीच एक कृती समोर ठेवून काम केलं होतं. पण द्राक्षाच्या वाइनमध्ये व्हिटॅमिन सी नावापुरतं असतं, त्यामुळे त्या कृतीत त्याची फारशी दखल घेतलेली नसते. संत्र्यात ते भरपूर. आयोडिनला सल्फाइट आणि व्हिटॅमिन सी यांत फरक कळत नाही, दोन्ही त्याला खातात. म्हणून वाइनची कृती संत्र्याला जशीच्या तशी लावली की आकडा फुगतो.

यावरचा उपाय घरात होण्यासारखा आहे: प्रत्येक घाण्यातली एक बाटली केएमएस न टाकता बाजूला काढायची, ती आणि केएमएसची बाटली सारख्याच पद्धतीनं तपासायची, आणि दोन्हींतला फरक घ्यायचा. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मोजायचं कशासाठी

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंबट रसात ते विरघळलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात झणझणतं, तोच वास. तो बुरशी आणि यीस्टला रोखतो आणि रसाचा रंगही काळवंडू देत नाही. लाल-जांभळ्या फळांचा रंग मात्र तो उडवतो, म्हणून जांभूळ, कोकम, डाळिंब यांना सोडियम बेंझोएट आणि संत्रं, लिंबू यांना केएमएस, अशी वाटणी पहिल्यापासून आहे.

केएमएसच्या वजनापैकी सुमारे ५७.६ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. म्हणजे किलोभर स्क्वॅशमध्ये ०.६ ग्रॅम केएमएस टाकलं तर कागदावर ३४५ पीपीएम येतात. पीपीएम म्हणजे इथे किलोमागे मिलीग्राम. आपल्याकडे स्क्वॅश, क्रश, कॉर्डियल यांना ३५० पीपीएमची मर्यादा फळप्रक्रियेच्या जुन्या आदेशापासून चालत आली आहे. ०.६ ग्रॅमचा हिशोब त्यावरूनच बसवलेला. आता विचार करा, चमचाभर केएमएस किती ग्रॅम भरतं? चमचा सपाट की शिगोशीग, पूड कोरडी की दमट, यावर ते दुप्पटही होऊ शकतं. "एक चिमूट टाका" असं सांगणाऱ्या कृतीचा मला म्हणूनच राग येतो.

दम्याच्या काही लोकांना सल्फाइटनं खोकल्याची उबळ येते, छाती भरते. त्यांच्यासाठी १० पीपीएम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असलेल्या पदार्थाच्या लेबलवर तसं लिहावं लागतं. बाकीच्यांसाठी जागतिक तज्ज्ञ समितीनं रोजची सुरक्षित पातळी शरीराच्या किलोमागे ०.७ मिलीग्राम धरली आहे. हिशोब मांडून बघा. वीस किलोच्या पोराला दिवसाला १४ मिलीग्राम. एका ग्लासात आपण साधारण ५० मिली स्क्वॅश ओततो, तो घट्ट असल्यानं वजनात ६० ग्रॅम भरतो, आणि ३०० पीपीएमचा असेल तर त्यातून १८ मिलीग्राम पोटात जातात. ही पातळी आयुष्यभर रोज घेण्याच्या हिशोबानं ठरवलेली आहे, एका ग्लासानं काही बिघडत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात पोरं दिवसाला तीन-तीन ग्लास रिचवतात. म्हणून घरापुरता स्क्वॅश करत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: केएमएस टाकूच नका, लहान बाटल्या भरून फ्रीझरमध्ये ठेवा. विकायचा असेल, महिनोन् महिने बाहेर टिकवायचा असेल, तरच केएमएस. आणि टाकलं की मोजायचं.

साहित्य

यादी लांब वाटली तरी खर्च फार नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात बहुतेक सगळं एका जागी मिळतं.

आयोडिनचं ०.१ नॉर्मल द्रावण तयार बाटलीत मिळतं (नॉर्मल हे द्रावणाच्या ताकदीचं माप). त्यातलं १०० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटर घालत ५०० मिली करायचं, की ०.०२ नॉर्मल झालं. डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या बॅटरीत टाकायला विकतात तेच चालतं. द्रावण तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधारात आणि थंड जागी ठेवा. आयोडिन उडून जातं, उन्हाळ्यात तर फारच लवकर. रबराचं बूच त्याला लावू नका, रबर आयोडिन पितं.

पातळ सल्फ्युरिक आम्ल, सुमारे २५ टक्के, तेही तयारच घ्या. तीव्र आम्ल आणून घरी पातळ करायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये, बाटलीमागे चार पैसे वाचवायला डोळा पणाला लावण्यात अर्थ नाही. कॉस्टिक सोडा मात्र घरी विरघळवावा लागेल: ४ ग्रॅम सोडा थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू सोडायचा, नेहमी पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीच नाही. भांडं गरम होतं. निवल्यावर पाणी घालून १०० मिली करा.

आणखी लागेल ती व्हिटॅमिन सीची शुद्ध पूड, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर आणि चव घातलेली असते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, २५० मिलीचे दोन काचेचे फ्लास्क, आणि २५ मिलीची ब्युरेट, म्हणजे मिलीच्या खुणा असलेली, थेंबथेंब सोडता येणारी काचेची नळी. ब्युरेट नसेल तर अडू नका. आयोडिनची काचेची ड्रॉपरबाटली आधी काट्यावर ठेवा, वजन लिहा, काम झालं की परत वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे मिली गेले, इतक्या पातळ द्रावणाला हा हिशोब पुरतो. आमच्या गटात दोघीजणी अजूनही असंच करतात आणि त्यांचे आकडे ब्युरेटशी जुळतात.

कुठे थांबायचं त्याची खूण दाखवायला स्टार्च हवा, आयोडिन उरायला लागलं की त्यानं निळा रंग येतो. त्यासाठी साबुदाणा. ग्रॅमभर साबुदाणा कुटून १०० मिली पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा, निवू द्या, वरचं पाणी घ्या. रोज ताजं करा, उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशी आंबतं.

चष्मा आणि हातमोजे घालूनच बसा. या कामाला आलेलं एकही भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, यासाठी आम्ही सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा मारला आहे. दम्याच्या माणसानं केएमएसचा डबा उघडायचा नाही, तो दुसऱ्या कुणाकडून उघडून घ्यायचा. आणि काम सुरू करताना कूलर बंद. त्याच्या झोतानं काटा एका आकड्यावर ठरत नाही.

आधी आयोडिनची परीक्षा

बाटलीवर काहीही छापलेलं असो, ती उघडल्यापासून आयोडिनची ताकद उतरत असते. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी पहिली चाचणी आयोडिनचीच. ०.५० ग्रॅम व्हिटॅमिन सीची पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ५०० मिली करा. यातल्या २० मिलीमध्ये बरोबर २० मिलीग्राम व्हिटॅमिन सी आलं. ते फ्लास्कमध्ये घ्या, ५ मिली आम्ल आणि २ मिली साबुदाण्याचं पाणी घाला, आणि फ्लास्क फिरवत फिरवत आयोडिन सोडा. निळा रंग येऊन वीस सेकंद टिकला की थांबा.

आयोडिन नेमकं ०.०२ नॉर्मल असेल तर ११.३६ मिली लागतील. १२.० मिली लागले तर ते थोडं उतरलं आहे. घाबरायचं कारण नाही. ३६३.५ ला तुमच्या मिलीनं भागा, येईल तो त्या दिवसाचा गुणक. १२.० मिलीला गुणक आला ३०.३. आयोडिन चोख असेल तर ३२. हा गुणक वहीत तारखेसह लिहा, पुढे तोच लागणार आहे. व्हिटॅमिन सीचं हे पाणी काही तासांत बिघडतं, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. पण लगेच फेकूही नका, त्याचा एक उपयोग शेवटी सांगते.

हात बसवायला केएमएसचं पाणी

नवख्यानं थेट स्क्वॅशवर हात टाकू नये. पिवळ्या रसात निळा रंग ओळखणं अवघड असतं. आधी स्वच्छ पाण्यावर सराव करा, त्यातून तुमच्या डब्यातलं केएमएस किती जिवंत आहे तेही कळतं.

०.६० ग्रॅम केएमएस लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि वेळ न घालवता २० मिली मोजून घ्या. आम्ल, साबुदाण्याचं पाणी, मग आयोडिन. केएमएस चांगलं असेल तर चोख आयोडिन १०.८ मिलीच्या आसपास लागतं. आमच्या एका जुन्या डब्याला साडेआठच लागलं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं होतं, पुडीचे खडे झाले होते. तसल्या केएमएसनं ०.६ ग्रॅम टाकूनही स्क्वॅशला २७० च्या वर काही मिळत नाही, आणि मग बाटल्या फसफसल्या की आपण संत्र्याला दोष देतो. डबा उघडल्यावर हवाबंद बरणीत ठेवा, खडे झालेलं केएमएस मोजल्याशिवाय वापरू नका.

हा सराव लागोपाठ तीनदा करा. तिन्ही आकडे ०.२ मिलीच्या आत आले की तुमचा हात बसला.

स्क्वॅशचा नमुना

स्क्वॅश करतानाच तयारी लागते. पाक, रस, सायट्रिक आम्ल एकत्र झालं, मिश्रण पूर्ण निवलं, आणि केएमएस टाकायच्या अगदी आधी दोनशे ग्रॅमची एक बाटली काढून घ्या. तिच्या गळ्याला पांढरा दोरा बांधा. ही साधी बाटली. मग उरलेल्याचं वजन करून केएमएस थोड्या रसात विरघळवून टाका, पाच मिनिटं ढवळा, आणि त्यातून दुसरी बाटली भरा. गरम पाकात केएमएस टाकलं तर बराचसा सल्फर डायऑक्साइड वाफेबरोबर खोलीत आणि तुमच्या फुफ्फुसात जातो.

चाचणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. तोवर दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. चाचणीआधी दोन्ही नमुने सारख्याच मलमलीतून गाळा. चोथा राहिला तर रंग कळत नाही.

नमुना मिलीत न घेता वजनानं घ्या, हे मी आग्रहानं सांगते. मर्यादा किलोमागे दिलेली आहे आणि स्क्वॅश पाण्यापेक्षा जड असतो. साखरेनं घट्ट केलेला लिटरभर स्क्वॅश सुमारे १.२ किलो भरतो. मिलीनं मोजून लिटरमागचा आकडा किलोमागच्या मर्यादेशी ताडला तर वीस टक्क्यांचा फरक आपसूक पडतो, आणि चांगला माल नापास ठरतो.

प्रत्यक्ष चाचणी

सल्फाइटचा काही भाग रसात मोकळा असतो, काही साखरेशी आणि इतर घटकांशी बांधलेला. वाइनवाल्यांना मोकळ्याची काळजी जास्त, कारण जंतूंना मोकळंच मारतं. मर्यादेचा आकडा मात्र एकूण सल्फाइटचा. म्हणून बांधलेलं आधी कॉस्टिकनं सोडवून घ्यायचं.

१. फ्लास्क काट्यावर ठेवून २०.० ग्रॅम स्क्वॅश घ्या. ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला.

२. कॉस्टिकचं द्रावण २० मिली घाला, हलकेच फिरवा, बूच लावा, घड्याळ लावून १५ मिनिटं ठेवा. संत्र्याचा रस इथे एकदम गडद पिवळा होतो, हळदीच्या पाण्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, आम्ल घातलं की तो परत उतरतो.

३. तोवर ब्युरेट शून्यापर्यंत भरा. फ्लास्कखाली पांढरी फरशी किंवा कोरा कागद ठेवा, उजेड मागून येऊ द्या.

४. पंधरा मिनिटं झाली की १० मिली आम्ल आणि २ मिली साबुदाण्याचं पाणी घाला. आता रेंगाळायचं नाही. आम्ल पडल्यापासून सल्फर डायऑक्साइड उडायला लागतो. फोन वाजला तरी उचलू नका.

५. आयोडिन आधी भराभर, मग थेंबथेंब सोडा. थेंब पडतो तिथे निळसर डाग उठतो आणि फिरवला की विरतो. डाग विरायला वेळ लागायला लागला की थेंबामागे थेंब थांबून टाका. संत्र्यात शेवटचा रंग स्वच्छ निळा दिसत नाही, पिवळ्यात मिसळून तो शेवाळी हिरवा, करडा असा दिसतो. तो वीस सेकंद टिकला की आकडा लिहा. नंतर फिका पडला तरी पुन्हा थेंब टाकायचा नाही.

आता पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतून २०.० ग्रॅम घ्या आणि हेच सगळं तसंच करा. पंधरा म्हणजे पंधराच मिनिटं. कॉस्टिकमध्ये व्हिटॅमिन सी भरभर नासतं, त्यामुळे एका फ्लास्कला पंधरा मिनिटं आणि दुसऱ्याला पंचवीस झाली तर वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक बाटली दोनदा मोजा आणि सरासरी घ्या.

हिशोब असा: केएमएसच्या बाटलीला लागलेल्या मिलीतून साध्या बाटलीचे मिली वजा करा, उरलेल्याला त्या दिवसाच्या गुणकानं गुणा. आले तेवढे पीपीएम. नमुना २० ग्रॅमचा असेल तरच हे चालतं.

माझ्या त्या घाण्याचे आकडे देते. आयोडिन चोख होतं, गुणक ३२. केएमएसच्या बाटलीला ११.४ मिली लागले. मी सरळ ३२ नं गुणलं आणि ३६५ आले, त्यावरूनच सगळं रामायण घडलं. नंतर साधी बाटली मोजली, तिला २.१ मिली लागले. त्या बाटलीत केएमएसचा कणही नव्हता. ११.४ मधून २.१ गेले, उरले ९.३. गुणिले ३२, २९८. कागदावरचे ३४५ पूर्ण आले नाहीत कारण केएमएस थोडं जुनं होतं आणि ढवळताना थोडं उडालं. ताईंच्या वहीत शंभर टक्के खरं लिहिलेलं होतं.

साधी बाटली तेव्हा माझ्याकडे होती ती निव्वळ योगायोगानं. पातेल्यातला उरलेला रस एका जणीनं घरच्यांसाठी केएमएसआधीच काढून फ्रीझरला लावला होता. तसा योगायोग प्रत्येक वेळी घडेल या भरवशावर राहू नका, दोरा बांधायचा म्हणजे बांधायचाच.

साधी बाटली नसेल तर

कुणी तयार बाटली आणून दिली, "जरा तपासून द्या," म्हणालं, तर या पद्धतीनं खरा आकडा सांगता येत नाही. वजाबाकी न करता आलेला आकडा वरची हद्द सांगतो, सल्फाइट त्याहून जास्त नाही एवढंच. तो ३२० आला तर निर्धास्त राहा. ३८० आला तर दोषी ठरवू नका, प्रयोगशाळेत पाठवा. तिथे मोनियर-विल्यम्स पद्धतीत नमुना आम्लात उकळून सल्फर डायऑक्साइड वायू वेगळा काढतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरून मोजतात. व्हिटॅमिन सी मागेच राहतं, म्हणून त्याचा गोंधळ तिथे होत नाही. विक्रीसाठी कागद लागेल तो याच अहवालाचा. घरची चाचणी तुमच्या कामावर तुमची नजर राहावी म्हणून आहे, ती त्या अहवालाची जागा घेत नाही. सल्फाइटच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यांच्या मागे मी लागत नाही. संत्र्याच्या रंगात त्यांचा रंग वाचणं म्हणजे अंदाजच.

आकडा जास्त आला तर

उकळून सल्फाइट उडवायचा मोह होतो. तसं करू नका, संत्र्याची चव जाते आणि कडवटपणा वर येतो. त्यापेक्षा केएमएस नसलेल्या ताज्या घाण्यात मिसळा. दहा किलो स्क्वॅश ४२० पीपीएमचा असेल तर त्यात केएमएस नसलेला चार किलो घाला, ३०० होतो. मिसळल्यावर पुन्हा मोजा. कमी आला तर जितके पीपीएम वाढवायचे त्याला ०.५७६ नं भागा, किलोमागे तेवढे मिलीग्राम केएमएस लागेल. ५० पीपीएम वाढवायला किलोमागे ८७ मिलीग्राम. दहा किलोला ०.८७ ग्रॅम. असल्या मापाला चमचा कामाचा नाही, काटाच हवा.

आम्ही आता ३०० ला थांबतो. ३५० पर्यंत मुभा आहे म्हणून ३५० गाठायचंच असं नाही, मोजण्यातली चूक आणि लोकांच्या घरातली पोरं, दोन्हींसाठी जागा ठेवलेली बरी.

महिन्याभरानं पुन्हा

बाहेर ठेवलेल्या बाटलीतलं सल्फाइट हळूहळू घटतं, उन्हाळ्यात जास्तच. म्हणून महिन्यानं एक बाटली उघडून पुन्हा मोजा. इथे एक गोष्ट सांभाळायची. पहिल्या चाचणीनंतर उरलेली साधी बाटली तुम्ही फ्रीझरमध्ये ठेवली असेल, तर तिच्यातलं व्हिटॅमिन सी बरंचसं शाबूत आहे. बाहेर राहिलेल्या बाटलीतलं कमी झालेलं असणार. म्हणजे आता पूर्ण वजाबाकी केली तर ती गरजेपेक्षा जास्त होते आणि सल्फाइट खऱ्याहून कमी दिसतं. अशा वेळी वहीत दोन आकडे लिहा, एक वजाबाकी करून, एक न करता. खरं सल्फाइट त्या दोघांच्या मधे असतं. वरचा आकडाही दोनशेच्या खाली गेला, तर आम्ही तो घाणा पुढच्या आठवड्यातच संपवायला काढतो आणि उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्येच ठेवायला सांगतो.

लेबलवर संरक्षकाचा क्रमांक २२४ आणि सल्फाइट असल्याचा उल्लेख, दोन्ही ठळक अक्षरांत छापा. आमच्या बाटलीवर त्याखाली मराठीत आणखी एक ओळ असते: दमा असल्यास घेऊ नये.

आणि ते उरलेलं व्हिटॅमिन सीचं पाणी. ब्युरेट भरताना ओट्यावर, हातावर, ओढणीवर आयोडिन सांडतंच. तपकिरी डाग पडतो, साबणानं निघत नाही. त्यावर हे पाणी शिंपडा, डाग डोळ्यांदेखत पांढरा होतो. पहिल्या दिवशी माझ्या बोटांवरचा डाग असा क्षणात गेला, ते पाहून पोरी ओरडल्या. संत्र्याच्या बाटलीत माझा आकडा फुगवणारी रासायनिक क्रिया ती हीच.